इस्त्रीजवळचं स्टूल

माझी आत्या शिवणाचं दुकान चालवायची. जीभ फटकळ, हात मात्र सोन्याचा, आणि रविवारची प्रार्थना कधी चुकवली नाही. गर्भपाताविरुद्धच्या मोर्चासाठी चर्चने तिच्याकडून बॅनर मागितलं: ‘पोटातल्या जिवालाही हक्क आहे.’ लाल कापडाची अक्षरं कापून शिवायचं काम तिने काजं-बटणं करणाऱ्या मुलीला दिलं.

मुलीला तिसरा महिना होता आणि नवरा सोडून गेलेला. अक्षरं शिवता शिवता तिने विचारलं, “बाई, इस्त्री बसून केली तर चालेल का? आणि बाळंतपणात दोन महिने माझी जागा ठेवाल?”

आत्या उसळली. “बसून इस्त्री करतं का कोणी? जीव देवाने दिलाय, पाडायचा विचारसुद्धा करू नकोस. पण दुकान मला चालवायचंय. झेपत नसेल तर येऊ नकोस!”

मी शेजारीच बटणं निवडत होते. निवडतच राहिले.

मुलगी बॅनर पूर्ण करून गेली, ती पंधरा दिवसांनी उगवली. “पाडलं, बाई. आता उभं राहता येईल,” एवढंच म्हणाली आणि इस्त्री तापवायला लावली.

मोर्चात पाद्रीबाबांनी कौतुक केलं, “अक्षरं काय सुरेख बसलीत! कोणी शिवली?” बॅनरची काठी माझ्या हातात कोंबून आत्या तडक दुकानात गेली आणि इस्त्रीजवळ स्टूल आणून ठेवलं.

ते अजून तिथेच आहे. मुलगी त्यावर एकदाही बसली नाही.