पाकळ्या पाडणारं कार्ड

अजेयचं स्वतःचं कधी काही चुकत नसे. नेहमी एखादी वस्तू कमी पडत असे. देवासच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्याने लग्नांच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान थाटलं, तेव्हा कॅमेरा जुना होता. कॅमेरा नवा आला, तर कॉम्प्युटर मंद निघाला. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात खापर ग्राफिक्सवर फुटलं.

"ह्यात ग्राफिक्स मदरबोर्डातच बसवलेलं आहे," तो बायकोला समजावी. "त्याला स्वतःची मेमरी नाही, कॉम्प्युटरचीच खातं. वेगळं कार्ड टाकलं की बघ."

मेधा बघत होतीच. गिऱ्हाइकांना तोंड देणं तिच्याकडे होतं, आणि सोनकच्छ गावचा फत्तेसिंग लग्नाच्या कॅसेटसाठी एकसारखा खेपा घालत होता. त्याच्या मुलीचं लग्न होऊन गेलं, तेव्हा त्याची आई, जीजी, अंथरुणाला खिळलेली. मांडवात येऊ शकली नव्हती. नातीचं लग्न एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढ्यावर ती जीव धरून होती.

"भाभी, जीजी रोज पूछती है. भिया से बोलो ना, जैसी है वैसी दे दें."

मेधाने सांगितलं. "अहो, कच्चीच टेप उतरवून द्या. म्हातारीला काय करायच्यात तुमच्या पाकळ्या?"

"सगळं सोनकच्छ बघणार ती कॅसेट. फेऱ्यांवर गुलाबाच्या पाकळ्या नाहीत, नवरी बदामात नाही, मग माझं नाव काय राहील?"

नाव! जसं काही आधी होतंच.

इंदूरहून कार्ड आलं. कॉम्प्युटर जुळवून देणाऱ्या पियूषने ते बसवलं, अजेयने कार्डाला हळदकुंकू वाहिलं आणि बटण दाबलं. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची निळी पट्टी कालच्यासारखीच सरपटत राहिली.

"दादा, मी बोललो होतो ना," पियूष म्हणाला. "हे गेमवाल्यांच्या कामाचं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाकळ्या प्रोसेसरच बनवतो. कार्ड का उसमें कुछ लेना-देना नहीं."

"मग प्रोसेसर बदलू," अजेय म्हणाला.

मेधाला राग यायला हवा होता. आला नाही. कणीक भिजवायची होती, ती आत गेली.

त्यानंतर फत्तेसिंग बरेच दिवस फिरकला नाही. आला तो डोकं भादरून. मेधाला काही विचारावं लागलं नाही.

तो स्टुलावर बसला. "भिया, बिदाई के पहले बेटी जीजी की खाट पे गई थी, पाँव पड़ने. बस उत्ता काट के दे दो. तेरवीं में चलाएँगे. फूल-वूल कुछ नी."

अजेयने तेवढा तुकडा काढला. जीजी नातीचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटत होती. बँडच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. नव्या कार्डाचा पंखा फुकट घरघरत होता. फत्तेसिंगपुढचा चहा निवायच्या आत कॅसेट तयार झाली.

"इत्ती जल्दी हो गई, भिया?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. अजेय की-बोर्डावरची धूळ बोटाने पुसत राहिला. फत्तेसिंगने कॅसेट कपाळाला लावली, खिशात घातली आणि बसस्टँडकडे निघाला.

तो कोपऱ्यावर वळला.

"प्रोसेसर असता तर," अजेय म्हणाला.

मेधाने कप उचलला. प्रोसेसर येईल, मग आणखी काही कमी पडेल, आणि दारात कुणीतरी उभं असेल. त्याला काय सांगायचं, ते तिला आताच पाठ होतं.