हं न म्हणणारे खांबेटे

समोरच्याशी गोड बोललं की तो खोटं बोलायला लागतो, यावर सदाशिव पेठेतल्या अनंत खांबेट्यांचा गाढ विश्वास. एका कारखान्यात उमेदवारांच्या मुलाखती घेण्यात त्यांची हयात गेली आणि तेवढ्या काळात त्यांनी कुणाला ‘बसा’पलीकडे उत्तेजन दिलं नाही. घरीही तोच खाक्या. आनंदीबाई कधीमधी म्हणायच्या, “अहो, मी बोलतेय ते पोचतंय का? नुसतं हं तरी म्हणा.” त्यावर हे म्हणायचे, “ऐकू येतंय. बहिरा नाही मी.” दोन वर्षांपूर्वी आनंदीबाई गेल्या.

मग घर खायला उठलं. अशात धायरीच्या विश्वजीतने काम दिलं, हे नशीबच म्हणायचं. घरच्या शेतावर बिल्डरची इमारत उभी राहिल्यावर विश्वजीतने म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या बायका पुरवायची एजन्सी काढली होती. मुलं परदेशात आणि आईवडील कोथरूडात, अशा घरांना पुण्यात काय तोटा! खांबेट्यांनी घरबसल्या फोनवर मुलाखती घ्यायच्या आणि कोणती बाई मायेने करील ते ओळखायचं. हो, माया ओळखायला खांबेटे! पण आवाजावरून माणूस कळतो असा त्यांचा दावा होता, आणि त्या फोनांवरच त्यांचा दिवस निघत होता.

दिवाळीनंतर विश्वजीतने मुलाखत घेणारं मशीन आणलं.

“काका, महिनाभर ट्रायल. अर्धे कॉल ते घेणार, अर्धे तुम्ही. मग रेकॉर्डिंग ऐकून एकालाच ठेवू. पर्सनली घेऊ नका.”

“पर्सनली घेतो म्हणूनच मला ठेवलंयस ना?” खांबेटे म्हणाले.

एजन्सीकडून मशीन फोन करतं, ही बातमी बायकांमध्ये पसरायला वेळ लागला नाही. पाठोपाठ मशीनपुढे कसं बोलायचं याचे धडेही पसरले. त्याला मनातलं कळत नाही, नुसते गुण सांगायचे. मग खांबेट्यांच्या कानावर एकेक नमुने येऊ लागले. “कामाचं नियोजन करते. सूचना काटेकोर पाळते. भावनांच्या आहारी जात नाही.” आजारी म्हातारीच्या उशाशी बसायला निघालेल्या बाईने ही फुशारकी मारावी! खांबेटे चडफडत, पण पुढचा प्रश्न त्याच सपाट आवाजात विचारत. आपल्यालाच मशीन समजतायत, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ते उघडकीला आणलं धायरीच्या मुक्ताबाईंनी.

“आधीच्या कामाबद्दल सांगा,” खांबेट्यांनी फर्मावलं.

“वक्तशीर हाय. शिस्त हाय. औषधं टायमाला देते.”

“आणखी?”

मुक्ताबाई अडल्या. शेजारी बसलेल्या सुनेला त्यांनी फोनवर हात न ठेवताच विचारलं, “ऋतुजा, पुढं काय गं व्हतं? त्या आजी रडायला लागल्या की मी खेळायला पत्ते काढायची, ते सांगू का?”

“नका सांगू आई. मशीनला ते कळत नाही.”

“पर मशीनच हाय का?” मुक्ताबाईंनी क्षणभर कान दिला. “व्हय, मशीनच. माणूस आसता तर मधी हं तरी म्हणला आसता.”

हे मात्र खांबेट्यांच्या वर्मी लागलं. जे आनंदीबाई म्हणायच्या, तेच आता परकी बाई ऐकवत होती.

“बाई, मी माणूस आहे. अनंत खांबेटे, सदाशिव पेठ.”

“आता मशीन नाव बी सांगतंया.”

“मशीनचे गुडघे दुखतात का? माझे दुखतात!” खांबेटे ओरडले.

मुक्ताबाईंनी विचारलं, “कंचा? डावा का?”

“दोन्ही.”

“आन् जेवलात का?”

“नाही. एकट्यासाठी करायचा कंटाळा येतो.”

बस्स, एवढ्यावर गाडं घसरलं. मुक्ताबाई हं म्हणत गेल्या आणि खांबेटे आनंदीबाईंबद्दल बोलत गेले. कुणाची मुलाखत चाललीय तेच कळेना. मग खांबेट्यांनीच आजींच्या पत्त्यांचं विचारलं. मुक्ताबाई मुद्दाम हरायच्या. जिंकल्याच्या आनंदात आजी चार घास जास्त खायच्या. खांबेट्यांनी घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा, अवघडत, म्हटलं, “हं.” मुक्ताबाईंना काम मिळालं.

महिना संपल्यावर विश्वजीत स्वतः पेठेत आला. खालमानेनेच बोलला.

“काका, तुमच्याशी सगळ्या पाठ केल्यासारखं बोलतात. मशीन ताई म्हणतं, दमलात का विचारतं, तर भडाभडा बोलतात. पण मुक्ताबाईंचा कॉल ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मशीनला शिकवायला आता तोच वापरलाय.”

“म्हणजे मी आता लागत नाही.”

“इंटरव्ह्यूला नाही,” विश्वजीत म्हणाला. “आजोबा लोकांशी गप्पा मारायला कुणी लागेल. अर्ज करा ना.”

खांबेट्यांनी आठवडाभर मानापमानाचा घोळ घातला आणि अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. गोड आवाज, बाईचा.

“नमस्कार काका. जेवलात का?”

प्रश्न कुणाकडून उचललाय ते खांबेट्यांना चांगलं ठाऊक होतं. समोर माणूस नाही, हेही ठाऊक होतं. ते ताठ उभे राहिले.

“वक्तशीर आहे. शिस्त आहे. भावनांच्या आहारी जात नाही.”

“हं,” पलीकडून आलं. त्यांचं स्वतःचंच ते, मुक्ताबाईंच्या कॉलवरचं, थोडं अवघडलेलं.

खांबेटे खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “नाही जेवलो.”