मीटरची खोली, तळमजला

आम्ही तिला तहनामे म्हणतो. ते तिचं आडनाव नाही. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात नळावरून, पंख्यावरून, कुणाच्या आरशावरून भांडण पेटलं की ती कागद घेऊन मधे बसायची. दोन्ही बाजूंच्या अटी लिहायची, सह्या घ्यायची आणि कागद दाराला चिकटवायची. एका कागदावर तर वॉर्डनबाईंचीही सही होती.

तिचे वडील वॉचमन. बांधकामावरचे. इमारत उभी राहत असताना ते राखण करतात. लोक राहायला आले की त्यांचं काम संपतं आणि बिऱ्हाड पुढच्या पायाच्या खड्ड्याशी जातं. तळमजल्यावर जिथे पुढे विजेचे मीटर बसणार, ती खोली बहुतेकदा त्यांना मिळायची. मीटर आले की हे बाहेर. तहनामे अशा खोल्यांत वाढली.

परराष्ट्र खात्याची विद्यार्थ्यांसाठीची इंटर्नशिप तिला हवी होती. सहा महिने, दर महिन्याला मानधन. आदल्या वर्षी एका संस्थेने तिला बोलावलं होतं, पण बिनपगारी. ती गेली नाही. "फुकट काम करायची आपली ऐपत नाही," एवढंच म्हणाली. इथे मानधन होतं. लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, निवड झाली. राहिली होती ती चौकशी, आणि चौकशीसाठी बारा पानांचा फॉर्म.

आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही तो भरत होतो. सातव्या पानावर अडकलो. गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते. मधे तीस दिवसांहून मोठी फट चालणार नाही. प्रत्येक पत्त्याला नात्याबाहेरचा एक साक्षीदार.

वसतिगृहाचं सोपं होतं. दोन इमारतींच्या बिल्डरांनी पत्रं दिली होती. तिसऱ्याने गाशा गुंडाळला होता. एक वर्ष आठ महिने मोकळे राहिले.

"तिथे राहत होतीस ना? मग लिही."

"काय लिहू? इमारतीला तेव्हा नंबर नव्हता. जिना नव्हता. त्याला पत्ता म्हणतात का?"

तिला खरंच तसं वाटत होतं. चूक इथेच झाली, आणि ती माझी होती. मी साहित्याची पदवी घेतली आहे. गोष्टीत फट दिसली की माझा हात शिवशिवतो. मी पेन घेतलं आणि त्या वीस महिन्यांसमोर आमच्या घराचा पत्ता लिहिला. साक्षीदार म्हणून आईचं नाव घातलं.

"अगं, पण..."

"कोण बघतंय?"

तिने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. मग खाली सही केली.

बारा दिवसांनी आईला फोन आला. बुधवारी चौकशीसाठी येतो, शेजारच्या दोन घरांशीही बोलू. आईने शांतपणे "या" म्हटलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "ही पोरगी आपल्याकडे दोन वर्षं राहत होती? मग मी कुठे होते?"

मी सगळं सांगितलं.

"माझं सोड. मी तोंड शिवून बसेन. पण शेजारच्या मावशींचं काय? आपल्याकडे कुणी दोन दिवस मुक्काम केला तरी त्यांना पाहुण्याच्या चपलेचा नंबर पाठ असतो."

मी तहनामेला बोलावलं. ती येईपर्यंत मी तीन नव्या गोष्टी रचल्या होत्या. मावशींना काय सांगायचं, आईने काय सांगायचं, कुठली खोली तिची म्हणून दाखवायची. तिने ऐकून घेतलं.

"काकू, तुम्हाला यात ओढलं. माफ करा," ती आईला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "उद्या सकाळी ऑफिसला जाते. तू येणार असशील तर गप्प बसायचं."

चौकशी विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. लांब बाक, बंद पडलेलं घड्याळ, काचेच्या केबिनमध्ये टेबलामागे एक अधिकारी बाई. त्यांनी फाईल उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कुणी सुचवलं?"

मी तोंड उघडलं. तहनामेने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. जोरात.

"सही माझी आहे," ती म्हणाली.

बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "आमचा माणूस जाऊन आल्यावर आला असतात तर नाव कायमचं गेलं असतं. आता दुरुस्ती घेते. खरा पत्ता लिहा. साक्षीदार शुक्रवारी पाचच्या आत इथे, माझ्यासमोर. पाचला यादी बंद होते. ती माझ्या हातात नाही."

तो मंगळवार होता. खोडलेल्या ओळीखाली तहनामेने लिहिलं: बांधकाम चालू असलेली इमारत, मीटरची खोली, तळमजला.

आता साक्षीदार शोधायचा होता. त्या इमारतीत राहणाऱ्यांपैकी तिला कुणीच ओळखत नव्हतं. ती निघाली तेव्हा ते आले होते. तिच्या वडिलांनी जुने गवंडी, सुतार, फरशीवाले, सगळ्यांना फोन लावले. गुरुवारी संध्याकाळी त्या वेळचा मुकादम सापडला. शहराच्या दुसऱ्या टोकाला काम करत होता.

"ती पाढ्यांवाली?" तो फोनवर ओरडला. मागे यंत्राची घरघर होती. "विटांच्या ढिगावर बसून पाढे म्हणायची. माझे गवंडी चुकायचे, ती चुकायची नाही. येतो की! पण उद्या स्लॅब आहे. दुपारी दोनला मोकळा होतो."

शुक्रवारी आम्ही दोनपासून त्या बाकावर होतो. तिचे वडील मुकादमाला आणायला साइटवर गेले होते. अडीचला त्यांचा फोन आला. मिक्सर मधेच बंद पडला होता, दीड तास गेला, आता चालू झालाय.

साडेतीनला तिने स्वतः मुकादमाला फोन लावला. मी कान लावून ऐकत होते.

"अर्धा तास येऊन जाल का काका?"

"पोरी, स्लॅब अर्धवट सोडता येत नाही. सांधा राहतो. पुढे जन्मभर तिथूनच गळतं. माणसं राहणार आहेत खाली."

"किती राहिलाय?"

"चौथा हिस्सा."

तिने काचेतून आत बाईंकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "पूर्ण करा."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. विनव, रड, काहीतरी कर! मी गप्प बसले, कारण तसं ठरलं होतं. साडेचारला मी जिन्यापर्यंत जाऊन आले. पावणेपाचला पुन्हा. तहनामे फाईल मांडीवर घेऊन सरळ बसली होती. फक्त तिची टाच जमिनीवर टकटक वाजत होती. पाच वाजले. आत बाईंनी चष्मा काढला.

पाच पंचवीसला मुकादम आला. कोपरापर्यंत सिमेंट, विजारीचे पाय ओले, धाप लागलेली. मागे तिचे वडील, वॉचमनच्या गणवेशातच. बाई अजून बसून होत्या. त्यांनी त्याचा जबाब लिहून घेतला, सही घेतली. कागदावर करड्या बोटांचे ठसे उमटले.

"फाईल पूर्ण झाली," बाई म्हणाल्या. "पण यादी गेली. ही चौकशी वर्षभर ग्राह्य राहते. पुढच्या तुकडीला फॉर्म भरा. परीक्षा पुन्हा द्यावी लागेल."

"उशीर झाला का?" मुकादमाने विचारलं.

तिचे वडील भिंतीकडे बघत राहिले.

"स्लॅब झाला ना पूर्ण?" तहनामेने विचारलं.

"झाला."

"मग बरं झालं, काका. चला, हात धुवा. तिकडे नळ आहे."

ती त्याला नळ दाखवायला गेली. मी बाकावरच बसून राहिले. हिशेब सरळ होता. मी ती ओळ लिहिली नसती, तर त्याला शोधायला तीन दिवसांऐवजी पंधरा दिवस मिळाले असते.

ती मला एका शब्दानेही बोलली नाही. चार दिवस आली नाही, एवढंच. मग कुरियरच्या कचेरीत अर्धवेळ काम धरलं, आणि पाकिटं चिकटवता चिकटवता पुन्हा परीक्षेचा अभ्यास सुरू केला.

काल पुढच्या तुकडीचा नवा फॉर्म आला. ती आमच्याच टेबलावर बसली. आईने चहा ठेवला आणि माझ्याकडे डोळे वटारून आत गेली. सातवं पान तिने एकटीने भरलं. एकेक ओळ, न थांबता.

"वाचू का?" मी विचारलं.

तिने पान माझ्याकडे सरकवलं.

"वाच. पण पेन खाली ठेव."