झेंडूखालचा फाळ

लोहार तापलेला फाळ पाण्यात बुडवतो तेव्हा जो वास सुटतो, तो मला अजून त्या खंडेनवमीच्या सकाळी नेतो.

कॅसलरॉकला रुळाकडेला टाकून दिलेली लोखंडी पट्टी मी आणि दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, उचलून आणली होती. तिचे दोन नांगरफाळ केले, एक माझा, एक त्यांचा. भाता दाजींनीच ओढला.

नवमीला साऱ्या वाडीची अवजारं पूजेला मांडलेली. तेवढ्यात रेल्वेचा शिपाई आला.

"आमचं लोखंड कुणी आणलं?"

दाजींनी फुलं सारून माझा फाळ उचलला. "ह्यो बघा, सायेब. ह्येनं आणलं."

"दाजी, अवं..."

लोक म्हणतात, भ्याले असतील. भ्यालेल्याचा हात कापतो. दाजींनी त्याच हातानं आपल्या फाळावर झेंडू नीट पसरले.