मापाच्या कॉलममधले शब्द

काका वाकड्यातिकड्या पायांसाठी बूट बनवायचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. सरळ पायाचं गिऱ्हाईक आलं की काका जरा हिरमुसायचेच. मापं सगळी त्यांच्या डोक्यात. पण डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा पुतणी कॉम्प्युटर घेऊन दुकानात बसली. तिच्या हुशारीचं घरात कोण कौतुक!

"पोस्टमन आजोबा," काका सांगू लागले. "डावी टाच, चौदा मिलिमीटर उंच. मऊ अस्तर, हो. साचा कधी घेतला ती तारीख लिही. आणि दुखलं तरी सांगत नाहीत."

"काका, हे काय माप झालं?"

"मग? माझा बूट त्यावरच तर ठरतो."

तिने मान डोलावली आणि टाइप केलं. पण घरी गेल्यावर, हिशेब नीट निघावेत म्हणून, ‘माप’ कॉलममध्ये आकडेच राहतील असं करून टाकलं. चौदा राहिलं. तारीख, हो-नाही, शब्द, सगळं गेलं आणि जागा कोऱ्या झाल्या. कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. काकांना विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही.

काका डोळ्याला पट्टी बांधून घरी, आणि दुकानातल्या कारागिराने नुसत्या आकड्यांबरहुकूम, मऊ अस्तराशिवाय आजोबांचा बूट केला. "चावतो का?" पुतणीने विचारलं. "छे, लोण्यासारखा आहे," म्हणत आजोबा चालते झाले. मग एक दिवस त्यांची मुलगी आली, एकटीच. बूट चावून आजोबांच्या टाचेला झालेली जखम चिघळली होती. पाय वाचेल की नाही, डॉक्टर सांगायला तयार नव्हते.

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "परत लिहून घे." तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी तिने त्या कॉलममध्ये काहीही मावेल असं केलं आणि शेजारी दुसरा कॉलम काढला: हे आकडा म्हणून वाचायचं, तारीख म्हणून, हो-नाही म्हणून, की शब्द म्हणून. हिशेबाला आकडे तेवढे उचलायचे. इतकं साधं होतं, कपाळ माझं!

पाय वाचला. नवा बूट घेऊन ती स्वतः त्यांच्या घरी गेली.

"चावतो का, आजोबा?"

"छे गं."

ती उठली नाही. जमिनीवर बसून तिने नाडी सोडली, मोजा उतरवला आणि टाचेवर हलकेच अंगठा ठेवून पुन्हा विचारलं.

आजोबांनी मुलगी आतल्या खोलीत आहे ना, ते पाहून घेतलं.

"थोडासा," ते म्हणाले.