कुलूपबंद घरातला धूर

ते प्रकरण मी विसरले नाही, आणि घरची माणसं मला ते विसरू देणारही नाहीत. पोलीस खात्यातून निवृत्त झालेली माणसं आपल्या तपासाच्या हकिकती लिहितात. आमच्या घरात फौजदार हे होते, मी नव्हे. पण यांना लिहायला सांगितलं की म्हणतात, "सगळं डायरीत आहे." या एका प्रकरणात खबर माझी, संशय माझा आणि फजितीही माझीच, तेव्हा लिहिण्याचा हक्कही माझाच. नावं कुणाची घेत नाही. माझं तर मुळीच नाही.

इंग्रजी अंमलातली गोष्ट. यांची बदली सुप्याला झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. चार वर्षांत ती आमची तिसरी बदली. राहायला पोलीस लाईनीतल्या दोन खोल्या. पहाटे कवायत, मग हजेरी, मग स्टेशन डायरी, आणि दिवसभर कुणाचे ना कुणाचे बूट दारावरून खाडखाड जायचे. भिंतीत खुंटी ठोकायची तरी मनात येई, कशाला? उद्या काढून न्यायची.

सुप्याची जुनी पेठ दोन नद्यांच्या बेचक्यात. पूर्वी घाट उतरून गोव्याकडे जाणारे बैलांचे तांडे तिथे मुक्काम करत, तेव्हापासूनची ती वस्ती. तिच्यात कासार आळी. भिंतीला भिंत लावून सहा घरं, सागवानी खांब, आणि सगळ्यांचे ओटे एकमेकांना जोडलेले. एका टोकाला ओट्यावर चढावं आणि गप्पा मारत मारत दुसऱ्या टोकाला उतरावं. त्यातलं शेवटचं घर एका म्हाताऱ्या कासाराचं होतं. त्याच्याकडे बांगड्या भरायला गेले आणि घराच्याच प्रेमात पडले. कोनाड्यांची संख्यासुद्धा मी मोजून आले होते. बारा.

कासार एकटाच होता. गुंदला लेकीकडे जाऊन राहायचं त्याच्या मनात होतं. माझा हात दाबत, बांगडी चढवत तो म्हणाला, "घर इकायचं हाय बाई. पर मला घाई न्हाई. आळीला इचारून सांगतो."

मला वाटलं, ही टोलवाटोलवी.

घरी येऊन यांच्यामागे लागले. हे म्हणाले, "फौजदाराला घर कशाला? उद्या कारवारला बदली झाली तर?"

"कुलूप लावू."

"आणि परवा?"

"परवा तुम्ही पेन्शनीत जाल. मग कुलूप उघडू."

हे हसले. हसले म्हणजे निम्मं काम झालं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

पंधरा दिवसांत कासार दाराला कुलूप लावून गुंदला गेला. माझी धुण्याची वाट लगेच बदलली. नदीवर जायला जवळची वाट होती, पण मी कासार आळीच्या मागून, परसांच्या कडेने जायला लागले. घर तेवढंच दिसे. चौथ्या दिवशी बघते तर कुलूपबंद घराच्या कौलांतून धूर!

मी तिथल्या फणसाच्या झाडाआड उभी राहिले. थोड्या वेळाने परसदार उघडलं आणि आळीतली शिंपीण बाहेर आली. दुसऱ्या दिवशी तीच वेळ, तोच धूर, पण बाई दुसरी. तिसऱ्या दिवशी तिसरी. आत जाताना प्रत्येकीच्या पदराखाली काहीतरी झाकलेलं, आणि बाहेर येताना जी ती तोंडाला पदर लावून हसत होती.

माझ्या तल्लख डोक्याने तपास तिथल्या तिथे पुरा केला. रिकामं घर, धूर, चोरून ये-जा: ही दारूची चोरटी भट्टी. आणि हसतात त्या अर्थी चाखून येतात!

आठव्या दिवशी मी यांना चाखण्यासकट सगळी खबर दिली. हे भाकरी खाता खाता म्हणाले, "खबर देणाऱ्याचं नाव?"

"मी."

"व्यवसाय?"

"तुमच्यासाठी भाकऱ्या थापणे."

"संशयित कोण?"

"सगळी आळी," मी म्हणाले. "आणि हे बघा, जमादाराला आधी काही सांगू नका. तो इथलाच. आतून मिळालेला असेल."

यांनी ऐकलं, ही यांची चूक. बायकोचा सल्ला म्हणून नव्हे, खात्याचा नियम म्हणून ऐकलं, असं हे अजून सांगतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी झडती ठरली. कुठे जायचं ते जमादाराला आळीच्या तोंडाशी पोचल्यावर कळलं. "दोन पंच घेऊन ये," एवढाच हुकूम. त्याने समोर दिसले ते दोघे आणले. त्यातला एक शिंपिणीचा नवराच निघाला, गळ्यात माप घेण्याची फीत तशीच. मला घरी थांबायला बजावलं होतं. मी घरी थांबले नाही, हे सांगायला नको.

परसदार नुसतं लोटलेलं होतं. हे आत शिरले, मागून जमादार, पंच, आणि शेवटी मी. स्वयंपाकघरात शिंपीण चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकर घालत होती. तिने मान वर केली, माणसं मोजली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी कवापास्नं पोलिसात?"

"मी पंच हाय," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

यांनी घर धुंडाळलं. मडकी उघडली, माळा बघितला, कोनाडे बघितले. मुद्देमाल निघाला तो असा: चूल एक, पेटती. मडकं एक, आत साधं पाणी. निखारे आणायची खापरी एक. हळदीकुंकवाची कुयरी एक. यांनी मडक्यातल्या पाण्याचा वाससुद्धा घेतला. तेव्हा शिंपीण म्हणाली, "पिऊन बगा सायेब, हिरीचं हाय."

मग जबानी सुरू झाली.

"ही चूल कुणाची?"

"घराची."

"घर कुणाचं?"

"येणाऱ्याचं."

"नीट उत्तर द्या. येणारा कोण?"

शिंपिणीने फुंकणीचं टोक यांच्या खांद्यावरून थेट माझ्याकडे रोखलं. "ही काय, तुमच्या पाठीमागं हुबी हाय."

मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कुणीच नव्हतं. हे जमादाराकडे वळले. जमादार शांतपणे म्हणाला, "आळीची रीत हाय सायेब. एक धनी गेला न दुसरा आला न्हाई, तवर घराची चूल इझू द्यायची न्हाई. पाच घरांनी पाळी लावून रोज इस्तव न्यायचा. धुरानं वासे ऱ्हातात, वाळवी धरत न्हाई. आणि चूल थंड झाली की घर पोरकं हुतं म्हंत्यात."

"हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी इचारलं न्हाई. म्हनला, पंच आन."

यांनी कागदावर लिहिता लिहिता मिशी चावली. हसू दाबायची यांची ती पद्धत आहे. पण मला हसू येईना. ज्या घरासाठी जीव टाकत होते, ते माझ्याच तोंडाने हातचं चाललं होतं.

शिंपिणीने विचारलं, "खबर कुणी दिली सायेब?"

"खबऱ्याचं नाव सांगता येत नाही," हे गंभीरपणे म्हणाले. संसारात यांनी जितक्या वेळा माझी बाजू घेतली, त्यात हा प्रसंग मी सगळ्यात वर मांडते.

"नगा सांगू. आठ दिस फणसाआड हिरवं लुगडं दिसतंय. हसून हसून आमची पोटं दुकली. ह्या बयेसाठीच चूल राखतोय, न हीच आमच्यावर पाळत ठेवती!"

मग तिचं हसू ओसरलं. "पर आज आळीत पोलीस आला. आजवर कदी आला नव्हता. कासार सांगून गेलाय, आळी जिला इस्तव देईल तिलाच घर. आता घर पायजे तर पाची दारांत जायचं, न 'खबर मी दिली' म्हनून आपल्या तोंडानं सांगायचं. मग बगू."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पंचनाम्यावर सही करत होते.

खात्यात कबुलीजबाबाचं मोठं मोल असतं. मी त्या दुपारी पाच दिले. पहिल्या दारात उंबऱ्याकडे बघत सांगितलं. दुसऱ्या घरी म्हातारी बहिरी होती, तिथे ओरडून सांगावं लागलं. ते तिसऱ्या आणि चौथ्या घरी परस्पर पोचलं आणि तिथल्या बाया मी जायच्या आधीच ओट्यावर येऊन हसत उभ्या होत्या. "चाखून येतो म्हनलीस व्हय आमी?" एकीने विचारलं. (हे त्यांना कोणी सांगितलं? जमादाराने, यांच्या हातचा कागद वाचून. तो मिळालेला होता, एवढा माझा संशय खरा ठरला.) पाचवं दार शिंपिणीचं. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, आत गेली, आणि चिमट्याने खापरीत निखारा घालून माझ्यापुढे धरला.

"उद्यापास्नं तुझी पाळी," ती म्हणाली. "आणि पदराखाली झाकून न्हे. वाऱ्यानं इझतो."

पदराखालचं रहस्य ते एवढंच.

आळीचा निरोप गेला तसा कासार गुंदहून आला, खरेदीखतावर अंगठा उठवला आणि मला हिरव्या बांगड्या भरून गेला. खरेदीनंतर दोनच वर्षांनी यांची बदली झाली. मी कुलूप लावलं आणि किल्ली अक्काकडे दिली. शिंपिणीला तोवर मी अक्का म्हणायला लागले होते. पुढे किती गावं झाली, किती खुंट्या ठोकल्या नि काढल्या. पेन्शन घेऊन आम्ही परत आलो त्या दिवशी गाडी नदी उतरली आणि हे म्हणाले, "बघ." आमच्या कौलांतून धूर येत होता. मी गाडीतच रडले. हे म्हणाले, "छापा घालू का?"

या प्रकरणाने मला तपासाबद्दल एकच गोष्ट शिकवली. आपल्याला न कळलेली गोष्ट दिसली की आधी दार वाजवावं, आत कोण आहे ते विचारावं. पोलीस मग बोलवावेत.

सध्या आळीतलं चौथं घर रिकामं आहे. एका मास्तरांच्या तरुण बायकोला ते फार आवडलंय, असं कळतं. रोज दुपारी मी खापरी घेऊन तिथे जाते. गेले तीन दिवस फणसाच्या झाडाआड एक पिवळं लुगडं दिसतंय. मी मुद्दाम पदर तोंडाला लावून हसत बाहेर येते.