जरा हात फिरवा ना, सर!

चित्रकलेच्या मास्तरच्या खिशात दोनच गोष्टी साठतात, खडूचे तुकडे आणि किस्से. खडू बायको धुण्याआधी काढून टाकते. किस्से राहतात. नाशिकच्या एका शाळेत मी नव्वदीच्या सुरुवातीला लागलो, त्यामुळे माझा साठा बऱ्यापैकी आहे. गणितवाल्यांकडे एवढे नसतात, कारण त्यांना मुलं घाबरतात!

*

मुलाखतीला मी डिप्लोमाची सगळी चित्रं गुंडाळून बगलेत मारून गेलो होतो. हेडमास्तर देवरे सरांनी गुंडाळी उघडलीच नाही.

"अक्षर कसं आहे तुमचं?"

"बरं आहे, सर."

"मग लागा कामाला!"

शाळेतली माझी पहिली कलाकृती मुतारीच्या भिंतीवर लागली. 'मुले' आणि 'मुली'. बाण मात्र मी जीव ओतून काढले होते.

पुढची पाच वर्षं मी पाण्याचे मग घेऊन या वर्गातून त्या वर्गात हिंडलो. मग मागून मागून टाकीमागची अडगळीची खोली मिळाली. पावसाळ्यात गळायची, पण खिडकीतून दिवसभर सारखा उजेड यायचा. घरी पाहुणे आले तरी मी त्या खोलीत जाऊन बसायचो, इतका माझा तिच्यावर जीव.

*

विज्ञानाच्या जोशी बाई माझा तास हक्कानं उचलायच्या. "सर, तुमच्या तासाला तसं काही नसतं ना?" असं गोड हसून विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत वर्गात शिरलेल्या असायच्या.

एका सहामाहीला पेपरांचा गठ्ठा घेऊन बाई तणतणत आल्या. "अहो, सगळ्यांची हृदयं बटाट्यासारखी! काही शिकवता की नाही?"

मी म्हटलं, "शिकवणारच होतो, बाई. तो तास तुम्ही पचनसंस्थेला नेलात!"

*

स्थिरचित्राला एकदा निफाडच्या एका पोरानं मळ्यातला द्राक्षांचा घड आणला. असा टपोरा, की बघत राहावं. टेबलावर ठेवला, मागे निळं कापड लावलं आणि सांगितलं, "मनानं काही घालायचं नाही. दिसतं तसं काढायचं."

तेवढ्यात फलक लिहायला बोलावणं आलं. परत येतो तर कापड तसंच, ताटली तशीच, आणि मधे नुसता देठ! पहिल्या बाकावरच्यांच्या कागदावर पूर्ण घड, मधल्यांच्या अर्धा. निफाडवाल्याच्या कागदावर फक्त देठ, पण काय सुरेख शेडिंग!

"हे काय रे?"

"सर, तुम्हीच म्हणले व्हते, दिसतंय तसं काढा."

"आणि खाल्ली कुणी?"

मग मागून आवाज आला, "पयले हेडसर राउंडला आले व्हते!"

*

आता माझं पाप सांगतो. प्रदर्शन जवळ आलं की चित्रकलेचा मास्तर मुलांच्या चित्रांवर 'हात फिरवतो'. म्हणजे पोरानं काढलेलं झाड जरा सावरायचं, आकाश जरा धुऊन घ्यायचं. सावरता सावरता पोराचं फक्त नाव उरतं! मुलंही तयार झालेली. कागद पुढे करायची आणि म्हणायची, "सर, जरा हात फिरवा ना!"

एका प्रदर्शनात पाहुणे बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "कमाल आहे! मुलं चाळीस, पण झाड एकच!"

देवरे सरांनी ते कौतुक समजून वार्षिक अहवालात छापलं.

*

दोन हजार सालानंतर शाळेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यासाठी सरांची नजर नेमकी माझ्या खोलीवर गेली. मी हातापाया पडलो. शेवटी ते म्हणाले, "आंतरशालेय स्पर्धेत पहिला नंबर आणा, खोली ठेवा. नाहीतर सोमवारी सामान बाहेर!"

माझी सगळी भिस्त आठवीतल्या सुमनवर होती. पेठकडच्या आदिवासी पाड्यावरची पोर, होस्टेलला राहायची, बोलायची कमी आणि बघायची फार. सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. "पेठची ना तू? मग वारली काढ, नंबर पक्का!"

सुमन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आमच्या घरी कोणी नाय काढत, सर. सहावीत यांनी शिकवलं, तेवढंच येतं."

स्पर्धा जागेवरच चित्र काढायची, विषय 'माझी शाळा'. शिक्षकांना हॉलमध्ये बंदी. तीन तास मी बाहेर कडुनिंबाखाली येरझाऱ्या घालत होतो. हात नुसते शिवशिवत होते.

निकाल लागला. पहिली, सुमन!

मी धावतच आत गेलो आणि चित्रासमोर थबकलो. माझीच खोली. खिडकी, तिच्यातला उजेड, गळतीखाली ठेवलेली बादलीसुद्धा. मधे एका मुलाच्या बाकावर एक मास्तर वाकून बसलाय, हातात ब्रश. चेहरा दिसतच नाही, फक्त पाठ आणि टक्कल. आणि भोवती सगळा वर्ग हाताची घडी घालून उभा.

लाज वाटली. खरंच वाटली. एवढ्या वर्षांत कुणी मला असं पाहत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

सोमवारी देवरे सर स्वतः चित्र घेऊन खोलीत आले. मागोमाग सुमन. सर एकदम खूश. "खोली तुमची! कॉम्प्युटर लायब्ररीत ठेवू. हे आता फ्रेम करून इथंच लावायचं." मग त्यांनी चित्र लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं. "फक्त एक राहिलंय. तुमचा चेहरा काही दिसत नाही. फ्रेमला द्यायच्या आधी जरा हात फिरवा ना, सर!"

त्यांनी चित्र बाकावर ठेवलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.

मी सुमनकडे पाहिलं. ती दोन पावलं मागे सरकली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.